जॉर्ज नॉरिस: भाषणांपेक्षा नियमांच्या पुस्तकात सापडणारा सिनेटर

कागदीघोडा:
अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा जॉर्ज विल्यम नॉरिस १९०३ ते १९१३ हाऊसमध्ये (काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह) होता आणि १९१३ ते १९४३ अशी सलग तीस वर्षं सिनेटमध्ये. जन्म १८६१, ओहायोतला. वकिली, मग जिल्हा न्यायाधीश, मग वॉशिंग्टन. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण 'एकटा पडला तरी हटला नाही' एवढ्यावर थांबतात. ते खरंच आहे, पण अपुरं. एकटे पडलेले खासदार पोत्यानं सापडतील. नॉरिसचं वेगळेपण असं की सभागृहाची कार्यपद्धती आणि कायद्याचा मसुदा ही दोन हत्यारं त्याला चालवता यायची. त्याच अंगानं इथे चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय. सुरुवात १९१० च्या कॅनन प्रकरणापासून करतो.

त्या वेळी हाऊसचा स्पीकर जोसेफ कॅनन, नॉरिसच्याच रिपब्लिकन पक्षाचा. कुठलं विधेयक सभागृहापुढे आणायचं, चर्चेला किती वेळ द्यायचा, दुरुस्त्या घ्यायच्या की नाही, हे सगळं रूल्स कमिटीच्या हातात. कमिटी पाच जणांची, तिचा अध्यक्ष खुद्द स्पीकर, आणि बाकीचे चार नेमणारा पण तोच. इतर सगळ्या कमिट्यांच्या नेमणुकाही त्याच्याच. आता नियम बदलायचा ठराव आणला तर जाणार कुठे? रूल्स कमिटीकडे. म्हणजे कॅननच्या टेबलाच्या खणात. ही कोंडी बहुमतानं सुटत नव्हती, कारण मतदानापर्यंत गोष्ट पोहोचतच नव्हती.

१७ मार्च १९१० ला फट सापडली. जनगणनेसंबंधीचा एक ठराव नेहमीचा क्रम मोडून मधेच घ्यायचा होता. जनगणना राज्यघटनेनं सांगितलेली आहे, म्हणून या विषयाला 'घटनात्मक अग्रक्रम' आहे, अशी भूमिका कॅननच्या बाजूनं मांडली गेली आणि मान्य झाली. नॉरिस आपला ठराव खिशात घेऊनच फिरत असे. तो उठला आणि म्हणाला, माझाही विषय घटनेनं अग्रक्रम दिलेला आहे. पहिल्या अनुच्छेदाच्या पाचव्या कलमात 'प्रत्येक सभागृह आपापले नियम ठरवेल' असं लिहिलेलं आहेच. म्हणजे कॅननच्याच तर्कानं कॅननच्या कमिटीला वळसा.

त्या दिवशी सेंट पॅट्रिक्स डे, आयरिश लोकांचा सण. कॅननचे बरेच समर्थक मिरवणुका आणि मेजवान्यांना गेलेले. म्हणून त्याची माणसं रात्रभर बोलत राहिली, वेळ काढत राहिली. १९ तारखेला कॅनननं ठराव नियमबाह्य ठरवला, सभागृहानं तो निर्णय उलटवला, आणि ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी पास झाला. चाळीसेक बंडखोर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मिळून.

आडवाछेद:
छान मांडलंत. एक भर घालतो, कारण ही गोष्ट सांगताना कायम राहून जाते. नॉरिसच्या मूळ मसुद्यात पंधरा जणांची कमिटी होती, प्रदेशवार निवडलेली. डेमोक्रॅट त्याला तयार नव्हते. तडजोडीत आकडा दहावर आला, सहा सत्ताधारी आणि चार विरोधी, निवड सभागृहाकडून, आणि स्पीकर कमिटीत नाही. एवढंच. बाकीच्या कमिट्यांच्या नेमणुका कॅननकडेच राहिल्या, त्या १९११ मध्ये डेमोक्रॅट बहुमतात आल्यावर गेल्या.

आणि कॅनन स्पीकरपदावर राहिला हेही लोक विसरतात. हरल्यावर त्यानंच सांगितलं की खुर्ची रिकामी करण्याचा ठराव आणायचा असेल तर आणा. ठराव आला आणि १९२ विरुद्ध १५५ नं पडला. कॅननच्या जागी डेमोक्रॅट स्पीकर बसवायची बहुतेक बंडखोरांची इच्छा नव्हती. कॅनन पक्का मुरलेला होता, त्याला हे ठाऊक होतं.

मोगरी:
मग यातून साध्य काय झालं? रूल्स कमिटी नंतरही अडवणूक करतच राहिली ना? १९५० च्या दशकात नागरी हक्कांची विधेयकं तिथेच तुंबलेली असायची.

आडवाछेद:
@मोगरी, अगदी बरोबर, आणि ते नॉरिसच्याच दुरुस्तीचं पोटातलं दुखणं आहे. स्पीकरला कमिटीतून काढलं, पण कमिटीचा अधिकार तसाच ठेवला. त्यामुळे मालक बदलला, कुलूप तेच. पुढे ज्येष्ठतेच्या नियमानं (कमिटीत जो सगळ्यात जुना तो अध्यक्ष) दक्षिणेकडचे सदस्य अध्यक्षपदी बसले आणि स्पीकरला पण जुमानेनासे झाले. शेवटी १९६१ मध्ये स्पीकर रेबर्ननं सदस्यसंख्या बारावरून पंधरा केली तेव्हा कुठे ती कोंडी सैल झाली, तीही २१७ विरुद्ध २१२ इतक्या काठावरच्या मतांनी.

पळसपान:
१९१७ बद्दल कोणीतरी लिहा. मी थोडक्यात लिहितो. व्यापारी जहाजांवर तोफा बसवायचं विधेयक नॉरिस, ला फॉलेट वगैरेंनी ४ मार्च १९१७ ला अधिवेशनाची मुदत संपेपर्यंत बोलत राहून मारलं. राष्ट्राध्यक्ष विल्सन भडकला, 'मनमानी करणाऱ्या मूठभर लोकांचं टोळकं' अशा अर्थाचं बोलला. चारच दिवसांत, ८ मार्चला, सिनेटनं चर्चा बंद करण्याचा नियम २२ आणला, हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांनी. म्हणजे सिनेटच्या इतिहासातला पहिला चर्चाबंदी नियम नॉरिस मंडळींच्या कर्तृत्वामुळे आला. तोही नियमच!

४ एप्रिलला युद्धाचा ठराव ८२ विरुद्ध ६ नं पास झाला. सहांमध्ये नॉरिस होता. आपण सोन्याच्या हुकमावरून युद्धात उतरतोय आणि अमेरिकेच्या झेंड्यावर डॉलरचं चिन्ह काढायला निघालोय, असं तो त्या भाषणात म्हणाला. त्याआधी त्यानं नेब्रास्काच्या गव्हर्नरला कळवलं होतं की माझी भूमिका लोकांना मान्य आहे का हे पाहायला खास निवडणूक घ्या, हरलो तर जातो. गव्हर्नरनं नकार दिला. १९१८ ला तो पुन्हा निवडून आला.

कागदीघोडा:
@पळसपान, मुदत संपण्याचा मुद्दा पकडून ठेवा. विसाव्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे ही मुदत मार्चवरून जानेवारीत आणणाऱ्या नॉरिसच्या दुरुस्तीचं, मूळ तिथेच आहे.

जुनं वेळापत्रक असं होतं. निवडणूक सम वर्षी नोव्हेंबरात. जुन्या काँग्रेसचं शेवटचं अधिवेशन त्याच डिसेंबरात सुरू व्हायचं आणि ४ मार्चला दुपारी बारा वाजता आपोआप संपायचं. त्यात हरलेले सदस्यही बसून मतं देणार. नवे निवडून आलेले ४ मार्चला पदावर येणार, पण खास अधिवेशन बोलावलं नाही तर पहिल्यांदा भेटणार थेट पुढच्या डिसेंबरात. म्हणजे निवडून आल्यावर तेरा महिन्यांनी.

यात दोन बिघाड होते. एक उघड: हरलेल्याला मतदारांची भीती नाही, पण राष्ट्राध्यक्षाकडून कुठलीतरी नेमणूक मिळण्याची आशा आहे. असं मत विकत घेणं सोपं. दुसरा बिघाड तांत्रिक आणि जास्त घातक: शेवटची तारीख ठरलेली असल्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीला एक माणूस उभा राहून बोलत राहिला की सगळं ठप्प. नियम २२ असूनही. नॉरिसनं हा खेळ स्वतः १९१७ ला वापरला होता, त्यामुळे तो किती सोपा आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

सिनेटनं दुरुस्ती पहिल्यांदा १९२३ मध्ये पास केली. मग १९२४, १९२६, १९२८, १९२९. पाच वेळा सिनेटमधून गेली आणि पाचही वेळा हाऊसमध्ये अडकली किंवा पडली.

रात्रपाळी:
अडवत होता कोण?

कागदीघोडा:
मुख्यतः रिपब्लिकन नेतृत्व, आणि १९२५ नंतर स्पीकर निकोलस लाँगवर्थ. त्याचं गणित सरळ होतं. ४ मार्चची टांगती तलवार आहे तोवर कुठलं विधेयक शेवटच्या आठवड्यात जिवंत ठेवायचं हे स्पीकर ठरवतो. तारीखच काढून टाकली तर त्याच्या हातचा तो पत्ता जातो. १९३१ मध्ये त्यानं वेगळाच डाव टाकला: दुरुस्ती मान्य, पण दुसरं अधिवेशन सम वर्षाच्या ४ मे रोजी संपलंच पाहिजे. म्हणजे रोग तोच, तारीख दुसरी. नॉरिसनं ते घेतलं नाही, दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटीत मसुदा मेला.

आता गंमत बघा. नोव्हेंबर १९३० च्या निकालात हाऊसमध्ये रिपब्लिकन अगदी निसटत्या आघाडीवर होते. पण पहिली बैठक डिसेंबर १९३१ ला. त्या तेरा महिन्यांत निवडून आलेले चौदा सदस्य वारले, त्यात एप्रिल १९३१ मध्ये खुद्द लाँगवर्थ. पोटनिवडणुकांत डेमोक्रॅट पुढे गेले आणि गार्नर स्पीकर झाला. ज्या खोळंब्याचं समर्थन लाँगवर्थ करत होता, त्याच खोळंब्यात त्याच्या पक्षाचं बहुमत गेलं. दुरुस्ती २ मार्च १९३२ ला काँग्रेसमधून बाहेर पडली आणि २३ जानेवारी १९३३ ला पुरेशा राज्यांनी मान्य केली.

वकीलबुवा:
इथे एक घोटाळा नेहमी होतो म्हणून लिहितो. जानेवारी १९३३ मध्ये मान्यता मिळाली, मग रूझवेल्टचा शपथविधी ४ मार्चला कसा, असं विचारलं जातं. पाचवं कलम वाचा. पहिलं आणि दुसरं कलम, म्हणजे तारखा बदलणारी कलमं, मान्यतेनंतरच्या १५ ऑक्टोबरपासून लागू. त्यामुळे नवी काँग्रेस जानेवारीत भेटली ती १९३५ ला, आणि २० जानेवारीचा पहिला शपथविधी १९३७ चा.

पण तिसरं कलम ताबडतोब लागू झालं होतं, आणि ते सगळ्यात कमी चर्चिलं जातं. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष शपथेआधी वारला तर निवडून आलेला उपराष्ट्राध्यक्ष त्या जागी बसतो, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत झांगारा नावाच्या माणसानं रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या. शिकागोचे महापौर चेरमाक त्यात गेले. रूझवेल्टला लागली असती तर तेवीस दिवसांपूर्वी मान्य झालेलं हे कलम ४ मार्चलाच वापरावं लागलं असतं.

मसुदेकार म्हणून नॉरिसचा खरा कस १९३२ च्या नॉरिस–ला गार्डिया कायद्यात दिसतो. कामावर घेतानाच 'युनियनमध्ये जाणार नाही' असं लिहून घ्यायचे, त्याला यलो-डॉग करार म्हणत. १९१७ च्या हिचमन कोल खटल्यात सुप्रीम कोर्टानं असे करार उचलून धरले. मग मालक फेडरल कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणायचे, पुष्कळदा दुसऱ्या बाजूला न ऐकताच. संप तिथेच मोडायचा. हुकूम नंतर रद्द झाला तरी उपयोग शून्य, कारण तोवर माणसं पांगलेली.

हे थांबवायचा प्रयत्न आधी झाला होता, १९१४ चा क्लेटन कायदा. तो का फसला ते समजून घ्या. १९२१ च्या ड्युप्लेक्स खटल्यात कोर्ट म्हणालं की संरक्षण फक्त प्रत्यक्ष त्या मालकाच्या त्या कामगारांना, बाहेरच्या युनियनला नाही. म्हणून १९३२ च्या कायद्याचं तेरावं कलम व्याख्याच बदलतं: वाद घालणारे परस्परांचे थेट मालक-नोकर असोत वा नसोत, तो कामगार वादच. सातवं कलम सांगतं की मनाई हुकूम द्यायचा तर आधी खुल्या न्यायालयात साक्षी आणि उलटतपासणी. अगदीच तातडीचा एकतर्फी हुकूम शपथेवरच्या साक्षीवर आणि तारण ठेवून मिळेल, पण पाच दिवसांपुरता. आणि सगळ्यात हुशारी अशी की 'कामगारांना अमुक हक्क आहे' असं म्हणून कोर्टाशी घटनात्मक कुस्ती खेळायच्याऐवजी हा कायदा म्हणतो, फेडरल कोर्टांना असे हुकूम द्यायचा अधिकारच नाही. कनिष्ठ फेडरल कोर्टांचं अधिकारक्षेत्र ठरवणं काँग्रेसच्या हातात आहे, तिथे वाद घालायला जागा थोडी. १९३८ मध्ये लॉफ खटल्यात कायदा टिकला.

मसुदा एकट्या नॉरिसचा नाही. फ्रँकफर्टर, विट्टे, रिचबर्ग वगैरे तज्ज्ञ बसवून त्यानं १९२८ पासून तो घडवून घेतला. पण सिनेटच्या ज्युडिशियरी (न्यायविषयक) कमिटीचा अध्यक्ष म्हणून आधीचं मोघम विधेयक बाजूला सारून नवं लिहायला बसवणारा तोच.

मोगरी:
पक्षाशी उभं वैर आणि तरी ज्युडिशियरीचं अध्यक्षपद? १९२८ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यानं डेमोक्रॅट अल स्मिथला उघड पाठिंबा दिला होता की.

पळसपान:
ज्येष्ठता. त्या यंत्रणेला सगळे नावं ठेवतात, पण नॉरिसला १९२६ ते १९३३ त्याच यंत्रणेनं तगवलं. म्हणूनच त्याला काढायचे प्रयत्न सिनेटमध्ये न होता नेब्रास्कात झाले. १९३० च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत ब्रोकन बो गावच्या एका किराणा दुकानदाराला उभं करण्यात आलं. त्याचं नाव पण जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस! मतपत्रिकेवर दोन सारखी नावं, ओळखायची खूण छापायची सोय नाही, म्हणजे नॉरिसला पडलेली मतं मोजायची कशी? (आपल्याकडे नामसाधर्म्याचे डमी उमेदवार दर निवडणुकीत असतात, वाचकांना हे नवीन नाही.) अर्ज मुदत टळून पोहोचला म्हणून बाद झाला. सिनेटच्या समितीनं चौकशी केली आणि दुकानदाराला शपथेवर खोटं बोलल्याबद्दल शिक्षा झाली.

धरणकाठ:
आता मसल शोल्सबद्दल लिहितो, आतापर्यंत कसं राहिलं कोण जाणे.

अलाबामात टेनेसी नदी मसल शोल्सला ३७ मैलांच्या आसपासच्या पट्ट्यात १३० फुटांहून जास्त उतरते. १९१६ च्या संरक्षण कायद्याखाली तिथे स्फोटकांसाठी नायट्रेटचे दोन कारखाने आणि विजेसाठी विल्सन धरण सुरू झालं. कारखाने उभे राहीपर्यंत युद्ध संपलं. १९२१ मध्ये हेन्री फोर्डनं प्रस्ताव दिला: कारखाने पन्नास लाख डॉलरला, आणि धरणं शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. एकट्या दुसऱ्या कारखान्यावर सरकारचे साडेसहा कोटींहून जास्त गेले होते. अख्खा दक्षिण भाग फोर्डच्या बाजूनं, कारण त्यानं स्वस्त खताचं आश्वासन दिलेलं.

शेती कमिटीचा अध्यक्ष नॉरिस होता. त्यानं प्रस्ताव आकड्यांवर तपासला. एक, १९२० च्या जलविद्युत कायद्यात परवान्याची कमाल मुदत पन्नास वर्षं, फोर्डला दुप्पट का? दोन, दुसरा कारखाना सायनामाइड पद्धतीचा. ती वीज प्रचंड खाते आणि हाबर-बॉश पद्धतीपुढे ती मागे पडत चालली होती. म्हणजे खत हे निमित्त, मिळणार होती ती वीज. तीन, नुसतं विल्सन धरण पुरेसं नाही. उन्हाळ्याअखेर प्रवाह इतका घटतो की बसवलेल्या क्षमतेचा थोडाच भाग खात्रीनं मिळतो. वर क्लिंच नदीवर साठा करून पाणी सोडत राहिलं तर खालच्या प्रत्येक धरणाची खात्रीची वीज वाढते, आणि पूरही तिथेच अडतो. म्हणून नदीचा अख्खा संच एकाच हातात हवा. हा तिसरा मुद्दा म्हणजे पुढच्या टीव्हीएचा (टेनेसी व्हॅली अथॉरिटी, या नदीखोऱ्याचं सरकारी महामंडळ) गाभा. हाऊसनं मार्च १९२४ मध्ये फोर्डचा प्रस्ताव मान्य केला, सिनेटमध्ये तो अडला, ऑक्टोबरात फोर्डनं मागे घेतला.

मग नॉरिसचं स्वतःचं विधेयक. १९२८ ला दोन्ही सभागृहांत पास झालं, पण अधिवेशन संपलेलं असताना राष्ट्राध्यक्ष कूलिजनं सही न करता खिशात ठेवलं, म्हणजे ते आपोआप मेलं. सत्रांमधली सुट्टी म्हणजे कायमची तहकुबी नव्हे, असं नॉरिसचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये दुसऱ्याच एका विधेयकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते फेटाळलं. १९३१ ला हूवरनं रीतसर नकाराधिकार वापरला. तो ओलांडायला दोन तृतीयांश मतं हवीत, सिनेटमध्ये पडली ४९ विरुद्ध ३४. शेवटी १८ मे १९३३ ला टीव्हीए कायद्यावर रूझवेल्टनं सही केली. क्लिंच नदीवरचं २६५ फुटी धरण १९३६ ला पूर्ण झालं, तेच नॉरिस धरण.

रात्रपाळी:
म्हणजे चिकाटी वगैरे ठीक, पण मंदी आली नसती आणि १९३२ ला सत्ता पालटली नसती तर? विसावी दुरुस्ती, कामगार कायदा, टीव्हीए, तिन्ही १९३२-३३ मध्येच. मला तर हे परिस्थितीचं श्रेय वाटतं, नॉरिसचं नाही.

धरणकाठ:
परिस्थितीनं दार उघडलं, मान्य. पण रूझवेल्टच्या पहिल्या शंभर दिवसांत टीव्हीए पास झाला कारण मसुदा दहा वर्षं घासून तयार होता. धरणाची जागा, सार्वजनिक संस्था आणि सहकारी संघांना विजेत प्राधान्य, पारेषण वाहिन्या सरकारी असाव्यात की नाही, हे सगळं आधी भांडून झालेलं. मंदीत ज्यांच्याकडे तयार कागद नव्हता त्यांच्या योजनांचं काय झालं ते बघा. १९३३ चा औद्योगिक पुनरुज्जीवन कायदा घाईत लिहिला, १९३५ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं उडवला. टीव्हीएचा विल्सन धरणाचा मुद्दा १९३६ च्या अ‍ॅशवँडर खटल्यात टिकला.

आडवाछेद:
दुसरी बाजूही नोंदवून ठेवू. नॉरिस धरणानं जवळपास २,९०० कुटुंबं उठवली, पाच हजारांवर थडगी हलवावी लागली. पैसे मिळाले ते जमिनीच्या मालकांना. खंडानं कसणाऱ्यांच्या हाती जवळजवळ काही नाही. आणि कामगारांसाठी वसवलेलं नॉरिस नावाचं आदर्श गाव फक्त गोऱ्यांसाठी होतं.

वकीलबुवा:
आपल्याकडचा धागा इथे जुळतो. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर केंद्रात जो विचार सुरू झाला तो सरळ टीव्हीएवरून. वीज आणि सिंचन तेव्हा मजूर खात्याकडे, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ३ जानेवारी १९४५ च्या कलकत्त्याच्या परिषदेचे अध्यक्ष तेच होते. टीव्हीएमधले इंजिनिअर वुर्डुइन यांनी १९४४ मध्ये प्राथमिक आराखडा दिला होता: आठ धरणं, दहा लाख क्युसेकचा पूर अडीच लाखांवर आणायचा. डीव्हीसी (दामोदर खोरे महामंडळ) कायदा १९४८ चा.

धरणकाठ:
आणि नॉरिसचा 'अख्खा संच एका हातात' हा मुद्दा तिथेच निसटला. आठांपैकी चारच झाली: तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. मैथन-पंचेतला पूर्ण उंचीपर्यंत जमीन संपादित झाली नाही, त्यामुळे पूर अडवायला राखलेली जागा कागदावर आहे तेवढी प्रत्यक्षात वापरता येत नाही. तेनुघाट नंतर बिहारनं बांधलं, तेही डीव्हीसीच्या बाहेर. टीव्हीए संघीय होतं, एकाच सरकारला जबाबदार. डीव्हीसीला तेव्हा केंद्र, बंगाल आणि बिहार असे तीन मालक, एकाला पूरनियंत्रण हवं, दुसऱ्याची जमीन बुडणार.

मोगरी:
नेब्रास्काचं एकच सभागृह हे पण नॉरिसचंच ना? आपल्याकडे विधान परिषद हवी कशाला ही चर्चा निघाली की कोणीतरी हे उदाहरण देतंच.

कागदीघोडा:
हो, पण उदाहरण नीट लावलं पाहिजे. नॉरिसचा राग दुसऱ्या सभागृहाच्या खर्चावर कमी आणि कॉन्फरन्स कमिटीवर जास्त होता. दोन सभागृहांनी वेगवेगळे मसुदे पास केले की मूठभर लोक बंद खोलीत बसून तिसराच मसुदा लिहितात, आणि तो घ्या किंवा सोडा एवढंच उरतं. कोणी काय काढलं, कोणी घातलं, मतदाराला कधीच कळत नाही. नोव्हेंबर १९३४ ला घटनादुरुस्ती २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी पास झाली. आधी दोन्ही सभागृहं मिळून १३३ सदस्य, जानेवारी १९३७ पासून एकात ४३, आता ४९. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, ही अटही त्याचीच.

महाराष्ट्रात कॉन्फरन्स कमिटी हा प्रकारच नाही. अनुच्छेद १९७ प्रमाणे विधान परिषद साधं विधेयक आधी तीन महिने, विधानसभेनं पुन्हा पाठवल्यावर आणखी एक महिना रोखू शकते, मग विधानसभेचंच खरं. संयुक्त बैठकीचीही तरतूद नाही. तेव्हा परिषद नको म्हणायला वेगळी कारणं शोधा, नॉरिसचं कारण इथे लागू पडत नाही.

पळसपान:
पक्षाविना विधिमंडळ ही त्याची कल्पना कितपत चालली हे विचाराल तर अर्धीच. कागदावर पक्ष नाही, पण कोण कुठल्या पक्षाचा नोंदणीकृत मतदार आहे हे प्रत्येकाला माहीत असतं आणि पक्ष पाठिंबा जाहीर करतात. कार्यपद्धतीत मात्र तिचे अवशेष अजून आहेत: समित्यांचे अध्यक्ष गुप्त मतदानानं निवडले जातात, त्यामुळे बहुमतातल्या गटाबाहेरचा माणूसही अध्यक्ष होऊ शकतो. प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते. चर्चा बंद करायला ४९ पैकी ३३ मतं लागतात. म्हणजे १९१७ ला नॉरिसनं केलं तेच, त्याच्याच सभागृहात, आजही करता येतं.